पानगळच नाही, तर शरदात मुलांना दाखवू काय?

प्रश्न (शिक्षिका, डिचोली, गोवा)
सहावीचा वर्ग, 31 मुलं. चित्रात शरद म्हणजे पिवळी पानं गाळणारं झाड. परवा एका मुलीनं विचारलं, "बाई, आपल्याकडे पानं कधी गळतात?" खिडकीबाहेर तर सगळं हिरवंगार! दिवाळीच्या सुटीआधी त्यांना शाळेमागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर न्यायचंय. गेल्या वर्षी तासभर नुसतंच चाललो. मुलं दमली, पाहिलं काहीच नाही. शिवाय पालकांना सापांची धास्ती. कसं करू?

उत्तर (निवृत्त मास्तर, सत्तरी)
बाई, चालणं कमी करा. दोनशे पावलं पुष्कळ झाली. सकाळी साडेसातला निघा, ऑक्टोबरचं ऊन मुलांना सोसत नाही. आदल्या दिवशी स्वतः वाट फिरून या. बूट हवेतच, गवतात कुणी शिरायचं नाही. एवढं सांगितलंत की पालक ऐकतात.

सड्याच्या कडेला माट्टी शोधा. आपल्याकडचंच झाड, घाटावर त्याला ऐन म्हणतात. साल सुसरीच्या पाठीसारखी भेगाळलेली. पान उलटं करून देठाजवळ बघायला लावा. मधल्या शिरेलगत बारीक गाठी असतात. मी त्या कधी सांगितल्या नाहीत, कुणीतरी "सर, हे काय?" म्हणेपर्यंत थांबायचो. त्याच झाडाला सुतळी बांधा नि फेब्रुवारी-मार्चात मुलांना परत न्या. तुमच्या मुलीचं उत्तर तिथं खाली पडलेलं असेल.

दोन झाडांमध्ये मोठ्या काळ्या-पिवळ्या कोळ्याचं जाळं दिसलं तर तिथंच थांबा. उन्हात धागा सोनेरी चमकतो. मधोमध बसलेली ती मादी. नर त्याच जाळ्यात, जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढा. मुलांनाच शोधू द्या.

उत्तर (शेतकरी, तिसवाडी)
जमलं तर एकदा खाजनात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतात आणा, भात कापणीला आलेलं असतं. पण भरतीची वेळ बघूनच या. पाणी चढलं की मानशीची, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या वाटेची दारं आपोआप मिटतात, ओहोटी लागली की उघडतात. आमच्या पोरांना बांधावर बसवून मी हेच दाखवतो. वर पिवळसर चतुर घिरट्या घालत असतील. त्यांच्याच जातीचे थवे ऑक्टोबरात समुद्रावरून मालदीवला पोचतात.

शिक्षिका, डिचोली
आज शाळा सुटल्यावर एकटीच वाट फिरून आले. माट्टी फाटकापासून साठ पावलांवर आहे, इतकी वर्षं रोज तिच्याखालून जाते. पान उलटून पाहिलं, दोन गाठी आहेत. सुतळी घेऊन ठेवलीय. मास्तर, मुलांना झाडाचं नाव आधी सांगू की नंतर?

निवृत्त मास्तर, सत्तरी
नंतर.