घरच्या जलतरण हौदासाठी कोणते शेवाळनाशक घ्यावे? (पाणी बोअरचे, रावेर तालुका)

नमस्कार मंडळी,

मळ्यातील घरालगत आमचा सुमारे 50 हजार लिटरचा पोहण्याचा हौद आहे. बोअरचे पाणी इतके जड, की हंड्याला धरतो तसा पांढरा थर टाइल्सच्या कडेलाही धरतो. उन्हाळ्यात पारा 42-43 च्या पुढे गेला, की शिडीच्या मागे आणि पायऱ्यांच्या सांध्यांत, जिथे पाणी फारसे हलत नाही, तिथे बुळबुळीत हिरवे शेवाळ येते. ब्रशने घासले की सुटते, पण पुन्हा धरते.

दुकानात तीन प्रकार मिळाले. बेंझाल्कोनियम क्लोराइडचे सर्वांत स्वस्त, पण त्याचा फेस होतो आणि आमचे पाणी कारंज्यातून परत पडते, म्हणून ते बाद. दुसरे तांब्याचे. लिंबाच्या खोडांना बोर्डो पेस्ट लावायला आणलेले मोरचूद घरात आहेच, तेच टाका, असे आमचे सालदार म्हणतात. शेवाळ त्याने मरते हे खरे. परंतु तांबे बाष्पाबरोबर उडून न जाता पाण्यात साठत राहते, सामू चढला की टाइल्सवर डाग पाडते आणि फिकट केसांना हिरवट झाक आणते. (घरातील पिकल्या केसांच्या मंडळींनी आपला नकार आधीच कळवला आहे.) तिसरे 60 टक्के पॉलिक्वाट: फेस नाही, डाग नाही, मात्र महाग, शिवाय शॉक क्लोरिन (एकदम मोठ्या मात्रेतले) दिल्यावर लगेच टाकले तर क्लोरिनच ते खाऊन टाकते.

माझी खरी शंका वेगळी आहे. आम्ही टीसीसीए (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक आम्ल) या क्लोरिनच्या गोळ्या वापरतो आणि त्यांतून सायन्युरिक आम्ल साठत जाते. ते क्लोरिनला उन्हापासून वाचवते, पण फार साठले की त्याचा जोर कमी करते. तपासणीत ते 90 पीपीएम, मुक्त क्लोरिन 2 आणि सामू 7.8 आला. मुक्त क्लोरिन या आम्लाच्या साधारण 7.5 टक्के असावे, हा ठोकताळा धरला तर आम्हाला जवळजवळ 7 पीपीएम लागेल. मग कोणतेही शेवाळनाशक टाकून काय साधणार?

निम्मे पाणी काढून नवे भरावे, तर ऐन मे महिन्यात बोअरवर पहिला हक्क केळीचा. त्यामुळे जाणकारांना दोन गोष्टी विचारतो. पावसाळ्यापर्यंत गोळ्या बंद करून द्रवरूप सोडियम हायपोक्लोराइटवर राहिलो आणि जोडीला दर आठवड्याला पॉलिक्वाट दिले, तर निभावेल का? आणि उन्हाने हायपोक्लोराइटची ताकद लवकर उतरते, तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात कॅन कोठे व किती दिवस साठवता?