पिट्युइटरीच्या गाठीच्या शस्त्रक्रियेनंतर नजर किती परत येईल, हे ओसीटीवरून कितपत सांगता येते? मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. माझ्या थोरल्या बहिणीला मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युइटरी ग्रंथीची गाठ निघाली असून, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्या जागेवर तिचा दाब पडतो आहे. शस्त्रक्रियेपूर्वी केलेल्या ओसीटीचा (डोळ्याच्या पडद्याच्या स्कॅनचा) अहवाल हाती आल्यापासून घरात त्याचा जो अर्थ लावला जात आहे तो मला चुकीचा आणि धोक्याचा वाटतो, म्हणून हा धागा काढत आहे.

अक्का केज तालुक्यातील एका गावात अंगणवाडी सेविका आहे. वय ५२. बाजूने येणारे माणूस किंवा दुचाकी तिला दिसेनाशी झाली होती, पण समोरची अक्षरे वाचता येत असल्यामुळे आधी चष्म्याचा नंबर बदलत राहिला आणि मग मोतीबिंदूकडे बोट दाखवले गेले. अखेर लातूरच्या एका नेत्रतज्ज्ञांनी फील्ड टेस्ट (आजूबाजूचे किती दिसते याची तपासणी) केली. त्यात दोन्ही डोळ्यांची कानाकडची बाजू काळी आली आणि त्यांनी लगेच एमआरआय लिहून दिला. (वाचता येते पण येता-जाता बाजूला धडका बसतात, अशी तक्रार घरात कुणाची असेल तर फील्ड टेस्ट आधी करून घ्या, ही कळकळीची विनंती.) गाठ प्रोलॅक्टिन हे संप्रेरक (हार्मोन) बनवणारी असती तर बहुधा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच आकसली असती; रक्ततपासणीत ती तशी निघाली नाही. त्यामुळे नाकातून दुर्बिणीने शस्त्रक्रिया करून दाब काढावा, असा न्यूरोसर्जनांचा सल्ला आहे आणि त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

ओसीटीबद्दल मला समजले ते असे. प्रकाशाच्या साहाय्याने डोळ्याच्या पडद्याचे थर मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) मोजणारी ही तपासणी आहे. तिच्यात ना सुई, ना क्ष-किरण. पडद्यातील गँग्लिऑन पेशींचे लांब तंतू एकत्र येऊनच डोळ्याची नस बनते, त्यामुळे आत मेंदूजवळ दाबाने तंतू मेले की ते मागे डोळ्यापर्यंत सुकत येतात आणि काही आठवडे ते काही महिन्यांत पडद्यावरचा थर पातळ झालेला दिसू लागतो. पडद्याच्या नाकाकडच्या अर्ध्या भागाचे तंतू त्या छेदाच्या जागी पलीकडे जातात आणि कानाकडचे दृश्य तेच टिपतात, म्हणून अशा गाठीत पडद्याचा नेमका तोच अर्धा भाग विरळ होतो. याउलट, दाबामुळे तंतूंमधून संदेश जाणे नुसते थांबले असेल किंवा त्यांच्यावरचे वेष्टन झिजले असेल, पण तंतू जिवंत असतील, तर फील्ड टेस्ट कितीही वाईट आली तरी थर जाड राहतो. अशा रुग्णांची नजर दाब निघाल्यावर अधिक सुधारते, हे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले आणि पुढच्या अनेक अभ्यासांतही तसेच आढळले.

अक्काच्या उजव्या डोळ्यात नसेभोवतीच्या तंतुथराची सरासरी जाडी ८९ मायक्रॉन आहे, म्हणजे जवळपास सर्वसाधारण. डाव्या डोळ्यात ती ६६ आहे आणि गँग्लिऑन थराच्या नकाशात नाकाकडचा अर्धा भाग लाल, म्हणजे सर्वसाधारणपेक्षा बराच पातळ, आला आहे. फील्ड टेस्टमध्ये मात्र दोन्ही डोळे जवळपास सारखेच खराब आहेत.

आता घरातली स्थिती. अक्काच्या सासऱ्यांचे म्हणणे, डाव्या डोळ्याची नस सुकलीच आहे आणि उजव्याचा अहवाल चांगला आहे, मग एवढे मोठे ऑपरेशन कशाला? दाजी नाही म्हणत नाहीत, पण सोयाबीनची काढणी उरकल्यावर पाहू म्हणतात. मला हे अगदी उलटे वाटते. उजव्या डोळ्यातले तंतू अजून तगून आहेत, म्हणूनच दाब लवकर निघायला हवा. शिवाय थर पातळ व्हायला वेळ लागत असल्यामुळे आज ८९ दिसणारा आकडा आतल्या नुकसानीच्या मागे पडलेला असू शकतो. माझे हे म्हणणे बरोबर आहे का, हे येथील नेत्रतज्ज्ञांनी व न्यूरोसर्जनांनी कृपया सांगावे.

दुसरी शंका डाव्या डोळ्याची. थर पातळ असूनही ज्यांच्या घरच्यांची नजर काही प्रमाणात सुधारली, त्यांनी ती किती आणि केव्हा सुधारली हे लिहावे. सुधारणेचा काही भाग पहिल्या काही दिवसांतच दिसतो आणि उरलेली कित्येक महिने हळूहळू होत राहते, असे डॉक्टर म्हणाले; पण नजर सुधारली तरी पातळ झालेला थर पुन्हा जाड होत नाही, हेही त्यांनी बजावले आहे. मग शस्त्रक्रियेनंतरच्या ओसीटीत आकडा आणखी घसरला तर घाबरावे की फील्ड टेस्टवरच विसंबावे?

डाव्या डोळ्यात थोडा मोतीबिंदू खरोखरच आहे आणि त्या स्कॅनवर सिग्नल कमी असल्याची नोंद आहे. बाहुली मोठी करणारे थेंब घालून तो पुन्हा काढून घ्यावा का? वेगवेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवरचे आकडे एकमेकांशी ताडून पाहू नयेत असे कळले आहे, त्यामुळे पुढच्या सर्व तपासण्या लातूरच्या त्याच यंत्रावर करण्याचा विचार आहे, शस्त्रक्रिया कुठेही झाली तरी.

छत्रपती संभाजीनगर किंवा सोलापूरकडे डोळ्यांच्या नसांचे विकार पाहणारे तज्ज्ञ कोणाच्या अनुभवात असल्यास, किंवा त्यासाठी पुणे-हैदराबादच गाठावे लागत असल्यास, तेही सांगावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ही शस्त्रक्रिया करून घेतलेल्यांनी कागदपत्रांची माहिती दिली तर मोठी मदत होईल. अक्काचे नाव झाकून दोन्ही अहवाल येथे लावायला मी तयार आहे. येत्या रविवारी दाजी आणि सासऱ्यांसमोर बसून हा विषय मांडायचा आहे, तेव्हा त्याआधी उत्तरे मिळाली तर फार बरे होईल.