भिगवणला रोहित (फ्लेमिंगो) पाहायला: कधी निघावं, दुर्बीण कोणती?

कोथरूडकर:
फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात भिगवणचा बेत आहे. सोबत आई (वय ६८) आणि आठ वर्षांचा मुलगा. रोहित नीट दिसतील ना? दुर्बीण ८×४२ घ्यावी की १०×५०?

पाणथळ:
महिना चांगला निवडलात. रोहितचं सगळं गणित पाण्याच्या खोलीवर. उथळ पाण्यात पायांनी चिखल ढवळायचा आणि चोच उलटी बुडवून गाळून खायचं, ही त्यांची रीत. भिगवण उजनी धरणाच्या जलाशयाकाठी आहे; धरण तुडुंब असलं की काठालाही पाणी खोल राहतं. शेतीसाठी पाणी सुटलं की पातळी उतरते आणि उथळ पट्टे तयार होतात. म्हणून आदल्या दिवशी नावाड्याला फोन करा, पाणी किती उतरलंय आणि थवा कुठे आहे ते विचारा, मग होडीसाठी कुंभारगावला जायचं की डिकसळला ते ठरवा.

पहाटे साडेचारला निघा. सोलापूर रस्त्याने शंभरेक किलोमीटर आहे, सव्वासातला होडीत बसायला हवं. ऊन चढलं की पाण्यावरची हवा थरथरते, मग लेन्स कितीही भारी असो, फोटो धुरकटच येतो.

दुर्बीण ८×४२च. हलत्या होडीत दहापटीला चित्र स्थिर राहत नाही, शिवाय १०×५० मुलाला पेलणार नाही.

थापट्या:
नावाड्याशी निघण्याआधीच बोलून घ्या: इंजिन लांबवरच बंद, पुढे बांबूने, ऊन आपल्या पाठीशी. खाणाऱ्या रोहितची मान खाली असते. काही माना वर झाल्या की थांबायचं. सगळा थवा माना ताठ करून एकाच दिशेला चालू लागला, तर होडी मागे घ्यायची. उडायला त्यांना पाण्यावर धावावं लागतं; ताकद जाते, खाणं बुडतं. कुणी ‘उडवून दाखवतो’ म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा. उडत्या फोटोसाठी जादा पैसे देऊन ही सवय आपण पर्यटकांनीच लावली आहे. कुरवांना (सीगल पक्ष्यांना) शेव-गाठ्या टाकणंही बंदच व्हायला हवं.

आईंना त्रास होईल तो काठावरच्या चिखलाचा. मागे पट्टा असलेल्या रबरी चपला घाला. मुलाच्या मापाचं लाइफ जॅकेट घरूनच न्या, तिथे बहुधा मोठ्यांचीच असतात.

कोथरूडकर:
आणि ट्रायपॉड?

पाणथळ:
नको, होडीची थरथर पायांतून थेट कॅमेऱ्यात येते. तांदूळ भरलेली छोटी पिशवी होडीच्या कडेवर ठेवा, तिच्यावर लेन्स. शटर १/१००० च्या खाली नको, उडत्या पक्ष्याला १/२०००. पाणी गडद असेल तर फोटोत पांढरी पिसं जळतात, म्हणजे नुसता पांढरा डाग उरतो; एक्स्पोजर ०.७ ने उतरवा. परतताना पट्टकादंबही (बार-हेडेड गूज) शोधा: पांढऱ्या डोक्यावर दोन काळे पट्टे. मार्चनंतर ते हिमालयापलीकडे निघून जातात.