पत्र्याच्या शेडमध्ये कोणता सिनेमा लावायचा?

प्रभू काका (सचिव)
नमस्कार मंडळी. बैठकीत ठरल्याप्रमाणे चतुर्थीच्या आधीच्या रविवारी गच्चीवरच्या शेडमध्ये सगळ्यांनी मिळून एक सिनेमा बघायचा आहे. प्रोजेक्टर सी विंगमधून मिळतोय, पांढऱ्या कापडाचा पडदा बांधू. कोणता सिनेमा ते इथेच सुचवा. लहानथोर सगळे बसू शकतील असा हवा. जेवणं उरकून साडेसातला सुरू, साडेदहाच्या आत घरी.

स्नेहा वहिनी (बी-३०१)
सैराट! 🙌

वरद (सी-१०४)
वहिनी, सैराट सगळ्यांचा पाठ आहे. शिवाय जवळजवळ तीन तासांचा. आणि शेवट मुलांसमोर नको.

स्नेहा वहिनी (बी-३०१)
बरं, मग अशी ही बनवाबनवी. १९८८ चा आहे, पण अजून कोणी कंटाळत नाही.

तन्वी (ए-२०२)
तो तर टीव्हीवर सारखा लागतो ना. माझं म्हणणं, आपण गोव्यात राहतो तर गोव्यातला काहीतरी बघूया. कॉलेजात बाहेरची मुलं विचारतात, तुमच्याकडचा एखादा चांगला सिनेमा सांग. मला पटकन नाव सुचत नाही.

नाईक सर (बी-१०१)
तन्वी, फार चांगला विषय काढलास. हिंदी सिनेमाने गोवा पुष्कळ दाखवला, पण तो बहुतेक पाहुण्याच्या डोळ्यांनी. 'एक दूजे के लिए' १९८१ ला आला तेव्हापासून लोक दोना पावलाच्या जेटीवर त्या सिनेमाची जागा म्हणून उभे राहतात. 'दिल चाहता है' आला २००१ मध्ये आणि शापोरा किल्ल्याचं नावच बदलून गेलं. दोन्ही सिनेमे मला आवडतात. पण त्यांत फोंडा नाही, सत्तरी नाही, काणकोणची झाडी नाही. देऊळ, खाजन (खाडीकाठची बांधाची शेतं), रेंदेर (माडी काढणारा), पोदेर (पाववाला), यांतलं काही नाही.

आतून दिसणारा गोवा बघायचा असेल तर माझी पहिली शिफारस 'पलतडचो मुनिस' हा कोंकणी सिनेमा. दिग्दर्शक लक्ष्मीकांत शेटगांवकर, आपले गोंयकार. २००९ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात या सिनेमाला समीक्षकांचा फिप्रेस्की पुरस्कार मिळाला. महाबळेश्वर सैल यांच्या 'अदृष्ट' कादंबरीवर आहे. सैल कोंकणी आणि मराठी दोन्हींत लिहितात, त्यामुळे आपल्यातल्या वाचणाऱ्यांना ते परके नाहीत.

गोष्ट अशी : गोव्याच्या सीमेवर, घाटाच्या रानात एक विधुर वनरक्षक राहतो, विनायक. त्याला रानात भटकणारी एक मनोरुग्ण बाई दिसते. आधी तो तिला हुसकतो, मग खायला घालतो, मग घरात घेतो. गाव उठतं. चित्तरंजन गिरी आणि वीणा जामकर यांनी काम असं केलं आहे की कुठेही अभिनय चालला आहे असं वाटत नाही. वीणाच्या वाट्याला शब्द फार थोडे आहेत. ती घास हातात धरून समोरच्याकडे बघते ना, त्या बघण्यात भीती आणि भूक दोन्ही एकदम असतात. हे बघण्यासाठी तो सिनेमा बघावा.

शांता मामी (ए-१०३)
वीणा जामकर म्हणजे ती मराठीतलीच ना? बघितलीच पाहिजे मग.

कामत काकी (ए-३०१)
सर, 'त्रिकाल' विसरलात? श्याम बेनेगलांचा, १९८५ चा. लोटलीला व्यंगचित्रकार मारियो मिरांडांच्या घरात चित्रीकरण झालं होतं. माझं माहेर त्याच बाजूला, त्या दिवसांत सगळ्या गावात तेवढाच विषय होता.

त्यातली लीला नायडू मी कधी विसरणार नाही. १९६१ चे दिवस, पोर्तुगीज राज्य शेवटच्या घटका मोजतंय आणि ही घरची म्हातारी बाय नवरा गेला हे मान्यच करत नाही. मेणबत्त्या लावून मोलकरणीला माध्यम करून नवऱ्याचा आत्मा बोलावते. आणि येतो कोण? पोर्तुगिजांविरुद्ध बंड केलेला कुष्टोबा राणे!

देविका (सी-२०३)
खरंच? आमचं गाव सत्तरीत. कुष्टोबाच्या गोष्टी आजीकडून ऐकल्यात, पण सिनेमात आहे हे माहीतच नव्हतं.

कामत काकी (ए-३०१)
आहे गो. कुलभूषण खरबंदाने केलाय. बड्या भाटकाराच्या (जमीनदाराच्या) घरात, त्यांच्याच दिवाणखान्यात बंडखोर राणे उभा राहतो आणि तुमच्या घराण्याने आमच्या लोकांचं काय केलं ते सुनावतो. बेनेगलांनी तो वाडा प्रेमाने दाखवला आणि त्या वाड्याचा हिशेबही मागितला. दोन्ही एकाच सिनेमात करणारे थोडे.

वरद (सी-१०४)
काकी, सिनेमा भारी आहे, पण आपल्या शेडमध्ये लावू नये असं माझं स्पष्ट मत. कॅमेरामन अशोक मेहतांनी रात्रीचे प्रसंग मेणबत्तीच्या उजेडात पकडलेत. चेहऱ्याची एक कड उजळते, बाकी सगळा काळोख. आपल्या शेडमध्ये बाजूच्या बिल्डिंगचा फ्लड लाइट थेट पडद्यावर येतो आणि प्रोजेक्टर साधा आहे. ते सगळे प्रसंग राखाडी दिसतील. ज्या गोष्टीसाठी बघायचा तीच दिसणार नाही.

नाईक सर (बी-१०१)
वरदचं अगदी बरोबर. 'त्रिकाल' घरी, दिवे बंद करून बघा. खिडक्यांचे पडदेसुद्धा ओढा.

वरद (सी-१०४)
सर, मग तोच मुद्दा 'पलतडचो मुनिस'लाही लागतो. त्यात संवाद कमी, रानाचे आवाज जास्त. आणि आपल्या डोक्यावर पत्रे. परवा रात्री पाऊस कसा पडला बघितलंत ना? शेडमध्ये शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. पानांची सळसळ, पाखरांचा आवाज, सगळं त्या ताडताडीत जाणार.

स्नेहा वहिनी (बी-३०१)
हो, आणि विषयही जरा जड. चौथी-पाचवीची मुलं त्या बाईबद्दल प्रश्न विचारतील, तिथे सगळ्यांसमोर काय सांगायचं?

नाईक सर (बी-१०१)
वहिनी, मुलांनी विचारावं असंच मला वाटतं. फोंड्याच्या बाजारातसुद्धा असं एखादं माणूस त्यांना दिसतंच, तेव्हा आपण त्यांचा हात ओढून पुढे नेतो. पण पावसाचं वरद म्हणतोय ते मान्य. हा सिनेमा डिसेंबरात लावू. आकाश मोकळं, गारवा, पत्र्यांचा आवाज नाही.

जोशी (सी-३०२)
आम्ही पुण्याहून इथे नवीन आलोय, म्हणून थोडं विचारतो. कोंकणी अर्धी कळते. मराठी 'किल्ला' चालेल का? अविनाश अरुण यांचा. बर्लिनला २०१४ मध्ये मुलांच्या विभागात क्रिस्टल बेअर मिळाला होता. वडील गेल्यावर आईची बदली होते आणि मुलगा पुण्याहून कोकणातल्या गावात येतो, शाळा नवी, मित्र नवे. आमचा लेक सध्या त्याच अवस्थेत आहे. त्याने तो बघावा असं फार वाटतं, पण मुलांबरोबर, एकट्याने नको.

शांता मामी (ए-१०३)
जोशीभाऊ, लेकाला खाली पाठवा हो संध्याकाळी. आमची नातवंडं असतात. लाजू नको म्हणावं.

नाईक सर (बी-१०१)
'किल्ला' अप्रतिम. अमृता सुभाषची आई बघा, ऑफिसात एकटी पडलेली आणि घरी येऊन मुलासमोर ते दाखवायचं नाही. आणि तो प्रसंग, किल्ल्यावर पाऊस येतो, मित्र निघून जातात आणि चिन्मय एकटाच मागे राहतो. त्यात कोणी खलनायक नाही. मुलं अशीच वागतात. अविनाश अरुण स्वतः छायाचित्रकार, त्यामुळे पावसाळ्यातलं कोकण त्यांनी भिजल्यासारखं टिपलंय. पण हाही हळू बोलणारा सिनेमा आहे.

वरद (सी-१०४)
तो दसऱ्याच्या सुट्टीत, फक्त मुलांसाठी, दुपारी क्लब हाऊसच्या खोलीत लावू. तिथे स्लॅब आहे, पडदे ओढले की काळोख होतो. वीस-पंचवीस मुलं आरामात बसतील. जोशीकाका, चालेल?

जोशी (सी-३०२)
उत्तम. मनापासून आभार.

देविका (सी-२०३)
मग चतुर्थीच्या आधीच्या रविवारी पत्र्यांवर मात करेल असा एकच सिनेमा मला दिसतो : 'नाचूंया कुंपासार'. बार्दरॉय बार्रेटो यांचा. कोंकणी संगीतकार क्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना यांच्यावरून स्फुरलेली गोष्ट, साठ-सत्तरच्या दशकातली मुंबई आणि गोवा. ट्रम्पेट, ड्रम्स, सगळी क्रिस पेरींची गाणी. कितीही पाऊस पडू दे, ट्रम्पेट त्यावरून जातो.

तन्वी (ए-२०२)
ताई, हाच! नायिका पालोमी घोष बंगाली आहे ना? कोंकणी तिची भाषा नाही आणि गाण्यांवर ओठ असे हलतात की खोटं वाटत नाही.

देविका (सी-२०३)
तिला त्या कामासाठी राष्ट्रीय पुरस्कारांत खास उल्लेख मिळाला. सर्वोत्कृष्ट कोंकणी चित्रपट आणि प्रॉडक्शन डिझाइन धरून एकूण तीन.

मला तो गाण्यांपेक्षाही वेगळ्या कारणासाठी आवडतो. हिंदी सिनेमाच्या सुवर्णकाळातल्या वाद्यवृंदांत आपल्या गोंयकारांनी किती काम केलं! शंकर-जयकिशनची अरेंजमेंट करणारे सेबास्तियान डिसोझा, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधलं नाव त्यांचंच. फ्रँक फर्नांड तर मुंबईत वाजवत आणि इकडे 'आमचें नशीब' आणि 'निर्मोण' असे कोंकणी सिनेमेही काढत. 'निर्मोण'वरून १९६७ मध्ये हिंदीत 'तकदीर' झाला. रेडिओवर गाणी आपण लहानपणापासून ऐकतो, पण वाजवणारी माणसं पडद्यावर दिसली ती इथे. रात्री क्लबात वाजवून पहाटे ट्रम्पेटची पेटी हातात घेऊन घरी जाणारी. आणि त्यात बाईच्या वाट्याला काय आलं, तेही सिनेमा लपवत नाही. लॉर्ना पुढे बरीच वर्षं गायलीच नव्हती हे लक्षात ठेवून बघा.

कामत काकी (ए-३०१)
लॉर्नाचा आवाज ऐकला की अंगावर काटा येतो. माझं मत यालाच.

स्नेहा वहिनी (बी-३०१)
नायक लग्न झालेला, नायिका त्याच्यात गुंतलेली, दारू... मुलांना चालेल?

देविका (सी-२०३)
वहिनी, दारूचं उदात्तीकरण नाही, उलट नासाडी दिसते. तरी सहावीच्या खालच्यांना मध्यंतरानंतर खाली पाठवू. मी स्वतः त्यांच्याबरोबर बसेन, मी बघितलेला आहे.

स्नेहा वहिनी (बी-३०१)
मग माझी हरकत नाही. तरी बनवाबनवी डोक्यात राहू दे, नववर्षाला लावू.

प्रभू काका (सचिव)
लांबी किती?

देविका (सी-२०३)
अडीच तासांहून थोडा जास्त, काका. साडेसातला वेळेत सुरू केला तर मध्यंतर धरून बसतो. सबटायटल्स असलेली प्रत बघू, म्हणजे जोशींचीही सोय.

नाईक सर (बी-१०१)
एक विनंती. कोणाच्या पेन ड्राइव्हवरची चोरीची प्रत लावायची नाही. छोट्या भाषेतला सिनेमा काढणाऱ्याला तिकिटांतून तसंही फार मिळत नाही, त्यात आपण फुकट लावायचा हे बरं नाही. निर्मात्यांना विचारू, जे मानधन सांगतील ते घरटी वर्गणी काढून देऊ.

शांता मामी (ए-१०३)
हे बरोबर. वर्गणी माझी आधी लिहा.

प्रभू काका (सचिव)
ठरलं. पत्र मी आणि नाईक सर मिळून लिहितो. होकार आला की इथे कळवतो, तोवर कोणी फॉरवर्ड करू नये. फ्लड लाइट सिनेमा संपेपर्यंत बंद ठेवायला बाजूच्या सोसायटीच्या सचिवांशी बोलतो. वरद, स्पीकरची वायर पत्र्याखालून कोरड्या बाजूने आण. पाव-पातळभाजीचं काकी बघतायत. चटया आपापल्या.