घोड्याच्या विम्यातून दोन्ही पुढचे पाय वगळले आहेत. ही अट काढून घेता येईल का?

प्रश्न (नॉर्दम्प्टन, इंग्लंड)

नमस्कार. आमच्या मुलीचा अकरा वर्षांचा कनेमारा जातीचा घोडा येथील एका लिव्हरी यार्डात (पैसे घेऊन घोडे सांभाळणाऱ्या तबेल्यात) असतो. गेल्या हिवाळ्यात तो डाव्या पुढच्या पायाने अचानक लंगडू लागला. डॉक्टरांनी खुराला चिमटा लावून पाहिले, तळव्याचा काळा पडलेला भाग कोरताच करडा पू बाहेर आला, आणि काही दिवस पोटीस बांधून खूर कोरडा झाल्यावर नालबंदाने पुन्हा नाल ठोकला. तेव्हापासून घोडा पूर्वीसारखा चालतो, दौडतो, उड्याही मारतो. खर्च पॉलिसीतील एक्सेसच्या, म्हणजे दाव्यात आपणच भरायच्या रकमेच्या, आतच असल्यामुळे आम्ही दावाही केला नव्हता.

नूतनीकरणाच्या अर्जात गेल्या वर्षभरात घोडा लंगडला होता का, असे विचारले होते आणि आम्ही खरे ते लिहिले. आता आलेल्या शेड्यूलमध्ये (पॉलिसीच्या अटींच्या तपशीलपत्रकात) ‘दोन्ही पुढच्या पायांच्या सर्व व्याधी व त्यांचे परिणाम’ उपचारखर्चातून वगळलेले आहेत. हप्ता मात्र वाढला आहे. फोनवर ‘सिस्टिमनेच तशी अट घातली आहे’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. घोड्याची बहुतेक लंगड पुढच्या पायांतूनच उद्भवते, मग हा विमा उरला तरी कशाचा? ही अट काढून घेण्याचा काही मार्ग आहे का, की सरळ दुसऱ्या कंपनीकडे जावे?

प्रतिसाद १

मी काही वर्षे विम्याचे दावे तपासण्याचे काम केले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. कोणती जोखीम घ्यायची हे ठरवण्याचा अधिकार कंपनीला आहे, त्यामुळे ‘तुम्हाला एक्सक्लूजन (वगळण्याची अट) लावताच येत नाही’ असा पवित्रा घेऊ नका. तो टिकणार नाही. जे घडले त्याच्या मानाने अटीचे शब्द फारच व्यापक आहेत, हा तुमचा खरा मुद्दा आहे. फोन बंद करा आणि पत्राने किंवा ईमेलने विचारा: ही अट कोणत्या नोंदीच्या आधारे घातली, उजव्या पायाबाबत तुमच्याकडे कोणती नोंद आहे, आणि अटीचा फेरविचार कधी होणार आहे?

त्याआधी दवाखान्याकडून घोड्याच्या संपूर्ण क्लिनिकल हिस्टरीची प्रत मागवून ओळ न् ओळ वाचा. बहुतेक वेळा पाणी तिथेच मुरते. पहिल्या भेटीच्या नोंदीत ‘डावा पुढचा पाय, लंगड ४/१०’ (तीव्रता दहापैकी चार) एवढेच असते आणि पू निघाल्याची नोंद दोन दिवसांनी, दुसऱ्याच डॉक्टरांच्या हातची असते. पहिली ओळ सुटी वाचली की ती कारण न सापडलेली लंगड वाटते, आणि कारण न सापडलेल्या लंगडीवर अख्खा पाय वगळणे हा या धंद्यातला रिवाजच आहे. जुनी नोंद बदलून द्या असे डॉक्टरांना चुकूनही सांगू नका. मात्र निदान काय होते, उपचार कधी संपले, आणि कठीण जमिनीवर सरळ रेषेत व वर्तुळात दुडकी चालवून घोडा निर्दोष असल्याचे कोणत्या तारखेला आढळले, हे सांगणारे स्वतंत्र पत्र मागण्यात काहीही गैर नाही. तशी तपासणी झालीच नसेल, तर ती आता करून घ्या. नालबंदाचेही चार ओळींचे पत्र जोडा, कारण दर सहा-आठ आठवड्यांनी तो खूर हातात घेऊन पाहणारा माणूस तोच असतो.

मागणी उतरत्या क्रमाने करा: आधी अट पूर्णपणे काढावी, ते जमत नसेल तर ‘डाव्या पुढच्या खुरातील गळू व त्याचे परिणाम’ इतकीच ती मर्यादित करावी, आणि काहीही झाले तरी बारा महिने त्रास न झाल्यास ती रद्द होईल असे लिहून द्यावे. उजव्या पायावर तडजोड करू नका.

प्रतिसाद २ (पशुवैद्य)

वरील सल्ल्याशी सहमत आहे, पण कंपनीची भीती कशाची असते तेही समजून घ्यावे. नॅव्हिक्युलर (खुरातील एका छोट्या हाडाचा आजार) किंवा संधिवातासारखी व्याधी एका पायात दिसली की दुसऱ्यातही असण्याची शक्यता मोठी असते, म्हणून अशा वेळी दोन्ही पाय वगळण्याला वैद्यकीय आधार असतो. एकदाच झालेल्या खुरातल्या गळवाला तो मुळीच नाही. इथल्या ओल्या हिवाळ्यात मऊ पडलेल्या खुराच्या फटीतून जंतू आत शिरतात, पू निघाला की दुखणे संपते.

गळू वारंवार होत असेल तर गोष्ट वेगळी. त्यामागे लॅमिनायटिस (खुराच्या आतील थरांचा दाह) असू शकतो, आणि वयस्क घोड्यांत कुशिंग्ज हा संप्रेरकांचा आजारही. कनेमारासारख्या ब्रिटन-आयर्लंडच्या देशी पोनींना लॅमिनायटिसचा धोका अधिक असतो हे कंपन्यांना पक्के ठाऊक आहे. म्हणून तुमच्या डॉक्टरांच्या पत्रात ‘असा प्रसंग एकदाच घडला, लॅमिनायटिसची लक्षणे आढळली नाहीत’ हे वाक्य असेल, तर पत्राचे वजन वाढेल. डॉक्टरांना ते प्रामाणिकपणे लिहिता आले पाहिजे, हे ओघाने आलेच. या जातीत खुराची भिंत सुटण्याचा एक आनुवंशिक आजारही असतो, पण तो लहानपणीच दिसू लागतो. अकराव्या वर्षी त्याचा बाऊ करण्याचे कारण नाही.

प्रतिसाद ३

दुसऱ्या कंपनीकडे जाण्याची घाई करू नये. नवी कंपनी आधीच्या सर्व व्याधी वगळते, आजारांसाठी सुरुवातीचे काही दिवस संरक्षण देत नाही, आणि पूर्वी कोणी विशेष अटी घातल्या होत्या का, हेही अनेकदा विचारते. २०१२ च्या ग्राहक विमा कायद्यानुसार, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देताना चुकीची माहिती जाऊ नये याची वाजवी काळजी घेणे हे तुमचे कर्तव्य आहे. जाणूनबुजून खोटे उत्तर दिल्यास कंपनी पॉलिसीच रद्दबातल ठरवू शकते. तुम्ही लंगड लपवली नाहीत, हे तुमच्या पत्रव्यवहारात ठळकपणे यायला हवे.

साध्या पत्राने काम झाले नाही तर ‘ही औपचारिक तक्रार आहे’ असे स्पष्ट लिहा. कंपनीला अंतिम उत्तरासाठी आठ आठवडे मिळतात. ते उत्तर पटले नाही, किंवा मुदतीत आलेच नाही, तर फायनान्शियल ओम्बड्समन सर्व्हिस या आर्थिक तक्रारींच्या स्वतंत्र निवारण संस्थेकडे विनामूल्य जाता येते. कंपनीने अंतिम उत्तर पाठवल्याच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत जावे लागते. ओम्बड्समनचा अंतिम निर्णय तुम्ही स्वीकारलात तर तो कंपनीवर बंधनकारक असतो. या काळात हप्ता थांबवू नका, कारण पोटशूळाचा झटका तक्रारीचा निकाल लागेपर्यंत थांबत नाही.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हिस्टरी मागवली तेव्हा पहिल्या प्रतिसादात म्हटले आहे तसेच निघाले: लंगडीची नोंद एका पानावर आणि पू निघाल्याची पुढच्या पानावर. डॉक्टरांचे व नालबंदाचे पत्र पाठवल्यावर कंपनीने उजवा पाय वगळण्याची अट काढली असून डाव्या पायाबाबत ‘खुरातील गळू’ एवढाच उल्लेख ठेवण्याची तयारी ईमेलने कळवली आहे. मात्र फेरविचाराच्या तारखेबद्दल त्यात चकार शब्द नाही. हे मान्य करावे का?

प्रतिसाद १

शब्द अपेक्षेप्रमाणे मर्यादित झाले आहेत, तेव्हा मान्य करायला हरकत नाही. पण नुसत्या ईमेलवर विसंबू नका. दुरुस्त केलेले शेड्यूल, त्यावर बदल लागू झाल्याची तारीख आणि पुढील नूतनीकरणाच्या वेळी अटीचा फेरविचार करण्याची नोंद, हे तिन्ही मागा. बदल नूतनीकरणाच्या पहिल्या दिवसापासून लागू असल्याचेही तपासा, नाहीतर मधल्या काळात उजव्या पायाला काही झाले असेल तर त्यावरून पुन्हा वाद होईल.