खंड पडला की खाडा झाला?

लिहायची सवय सुटली होती, आता परत जमवतेय, म्हणजे फार काही नाही, रात्री ओटा आवरून झाला की वहीत तीन ओळी, जमला तर हायकू (ती जपानी तीन ओळींची कविता) नाहीतर आपलं कायतरी. परवाचा हा मैत्रिणीला पाठवला:

कुकरची शिट्टी
वहीच्या समासात
किराण्याची चिठ्ठी

तर तिचा लगेच मेसेज, "वा, पुनश्च हरिओम का!" मला ते एकदम जड वाटलं हो, तीन ओळींसाठी एवढा शंखनाद कशाला. "लेखनात खंड पडला होता" हेही तसंच, सत्कारातल्या भाषणासारखं. तर अशा बारक्या घरगुती परतण्याला रोजच्या बोलण्यातलं काय म्हणता येईल? आणि सवय 'सुटली' की 'मोडली'?

---

जड वाटणारच ताई, टिळकांचं आहे ते. राजद्रोहाच्या शिक्षेतून १८९८ ला सुटले आणि ४ जुलै १८९९ च्या केसरीत अग्रलेख लिहिला त्याचं शीर्षकच 'पुनश्च हरिः ॐ'. आता आपण जिम परत लावली तरी म्हणतो, २०२० मध्ये लॉकडाऊन उठवताना सरकारनेही तेच म्हटलं, पण गाजलं ते मुळात लेखणी परत हातात घेण्यावरूनच. म्हणजे तुमच्या मैत्रिणीने अगदी नेमका वापरलाय, फक्त माप मोठं झालं.

---

सवय मोडतो ती दुसऱ्याची किंवा वाईट, "त्याची अंगठा चोखायची सवय मोडली". चांगली सवय आपोआप सुटते, कुणी काही करावं लागत नाही :)

आणि खंड कशाला, 'खाडा' म्हणा की! खंड पडतो तो पारायणात, वारीत, रियाजात, जे अखंड चालायला हवं होतं त्यात, मग मनाला लागून राहतं, काहीतरी चुकल्यासारखं होतं, परत सुरू करायला मुहूर्त बघावासा वाटतो आणि तो काही लवकर सापडत नाही. खाडा हजेरीचा. दूधवाल्याचा खाडा, मावशींचा खाडा, शाळेला खाडा. कॅलेंडरवर त्या तारखेला फुली मारायची, महिन्याच्या शेवटी तेवढे पैसे कापायचे, विषय संपला, दुसऱ्या दिवशी पिशवी दाराला लटकलेली असतेच. दांडी वेगळी बरं का, ती मुद्दाम मारायची असते. तुमच्याच चालीवर:

दुधाचा खाडा
मे महिन्यात ओस
सगळा वाडा

---

खाडा मस्त. आमच्या नागपूरकडे 'नागा' पण चालतं.

पण ताई, अक्षरं मोजली तर तुमचा हायकू ६-७-६ होतोय, ५-७-५ नको का? वरचा बरोबर बसलाय.

---

अहो मोजताय काय! मराठीत हायकू रुजवला शिरीष पैंनी, त्यात तीन ओळी आणि त्यातल्या कुठल्याही दोनांचं यमक एवढंच बघतात, अक्षरं मोजायचा आग्रह नाही. शिट्टी-चिठ्ठी जुळलं, झालं. उलट जपानीत यमकाचा नियमच नाही.

आणि ते ५-७-५ जे आहे ते आपल्या अक्षरांचं नव्हेच. जपानी लोक मोजतात ते आपल्या मात्रांच्या जवळचं, दीर्घ स्वर दोन धरतात. टोक्यो त्यांच्या हिशेबात चार, तो-ओ-क्यो-ओ. आता तसं मराठीत मोजायला गेलात तर नुसतं 'जुने तळे' म्हटलं की सहा मात्रा, पहिल्याच ओळीत उधारी. म्हणून ज्याला मोजायचंय त्याने अक्षरं मोजावीत, पण दुसऱ्याची मोजू नयेत.

मला विचाराल तर मोजण्यापेक्षा त्यांचा 'किगो' घेण्यासारखा आहे, म्हणजे ऋतू सांगणारा शब्द, त्याचे तर वेगळे कोश असतात त्यांच्याकडे. आपल्याकडे काय कमी आहे का, पागोळ्या, वळीव, आंब्याचा मोहोर, हस्ताचा पाऊस. 'मृगाचा किडा' एवढं लिहिलं की जून लिहावाच लागत नाही, तो लाल मखमली ठिपका ओल्या मातीवर चालायला लागतोच.

मृगाचा किडा
बांधावर कुणाचा
सांडला विडा

(बसलं बघा ५-७-५ पण, मुद्दाम नाही हं.)

---

रोज थोडंसं लिहिण्यावरून जपानी कवी मासाओका शिकी आठवला. आधी 'होक्कू' म्हणायचे त्याला 'हायकू' हे नाव रूढ केलं ते यानेच, टिळकांच्याच काळातला माणूस. क्षयाने अंथरुणाला खिळलेला, कूस बदलतानाही हाल, आणि १९०२ मध्ये 'निप्पोन' वर्तमानपत्रात त्याची छोटी छोटी टिपणं येत होती, शेवटचं आलं ते मरणाच्या दोन दिवस आधी, सप्टेंबरमध्ये. कधी जेवणाबद्दल, कधी दुखण्याबद्दल, कधी समोर ठेवलेल्या फुलाचं चित्र काढण्याबद्दल. मोठं काही सुचेपर्यंत थांबायला त्याच्याकडे वेळच नव्हता. किराण्याची चिठ्ठी त्याला नक्की चालली असती.

---

सगळ्यांना थँक्यू, किगो तर आजपासूनच. मैत्रिणीला कळवलं की हरिओम नाही, खाडा भरून काढतेय. ती म्हणे खाडा भरून निघत नाही, पैसे कापले जातात, बॅकलॉग भरून निघतो. बरं. पण एक राहिलंच, 'लिहिण्यात' खाडा की 'लिहिण्याला' खाडा?

---

लिहिण्याला. ज्यात वाहत राहायचं त्यात खंड, जिथे हजेरी लावायची त्याला खाडा.