फोंडा: लहान मुलांच्या भुलीसाठी काय काय सामान घ्यावं?

नमस्कार मंडळी, फोंड्यात एका छोट्या नर्सिंग होममध्ये भूल द्यायला जातो, आतापर्यंत मोठीच माणसं असायची. आता दर शनिवारी बालशल्यविशारद येणार, हर्निया वगैरे, पोरं साधारण ५ ते २० किलोची. मशीन चांगलं आहे, सेव्होचा (सेव्होफ्लुरेन, हुंगवायचं भुलीचं औषध) व्हेपोरायझर आहे, पण मुलांचं म्हणाल तर एक काळा रबरी मास्क आणि श्वासनलिकेत घालायच्या दोन ट्यूबा. मालकांनी यादी मागितलीय, कशात काटकसर करू नये ते सांगा.

म्हापशेकर डॉक्टर: आधी जेआर (जॅक्सन-रीस) सर्किट घ्या, म्हणजे मशीनमधला गॅस बाळापर्यंत नेणारी नळी आणि बॅग. १९३७ साली डॉ. एअर (Ayre) यांनी नुसता टी-पीस, म्हणजे टी आकाराची नळी, केला, १९५० ला डॉ. रीसनी त्याला शेपूट उघडी असलेली बॅग जोडली, अजून तोड नाही. व्हॉल्व्ह नाही त्यामुळे बाळाला श्वास ओढायला जोर लागत नाही आणि अर्धा लिटरच्या बॅगेवर हात ठेवला की श्वास हातालाच कळतो. फक्त गॅसचा फ्लो कंजूषपणे ठेवू नका, बाळ स्वतः श्वास घेत असेल तर मिनिट व्हेंटिलेशनच्या (मिनिटभरात श्वासातून जाणाऱ्या हवेच्या) २ ते ३ पट लागतो. तो काळा मास्क बाजूला ठेवा, पारदर्शक घ्या, ओठांचा रंग आणि उलटी लगेच दिसते.

मडगावची ओटी टेक्निशियन: सर, ट्यूबचे साइझ सगळे घ्या हो. २ वर्षांवरच्यांना वय भागिले ४ अधिक ४, कफवाली (टोकाजवळ फुगा असलेली) असेल तर अधिक ४ ऐवजी ३.५, पण टेबलावर एक वरची एक खालची काढलेलीच हवी. एलएमए (घशात बसवायचा श्वासाचा मास्क) १.५, २, २.५ तिन्ही. मी आधी जिथे होते तिथे ११ किलोच्या मुलाला २ नंबर मिळेना, दुसरीकडून मागवेपर्यंत पहाटेपासून उपाशी पोर आईच्या मांडीवर रडत होतं, ते अजून डोळ्यासमोर आहे. ट्यूब घालताना घसा दिसावा म्हणून लॅरिंगोस्कोपची सरळ मिलर ब्लेड ० आणि १ पण घ्या.

प्रश्नकर्ता: ताई, लिहून घेतलं. मालक म्हणतात कॅप्नोग्राफ (श्वासातला कार्बन डायऑक्साइड दाखवणारं यंत्र) पुढच्या वर्षी, पल्स ऑक्सिमीटर आहे ना.

म्हापशेकर डॉक्टर: नाही, तो नसेल तर केसच घेऊ नका. ट्यूब अन्ननलिकेत गेली तरी छाती हलल्यासारखी वाटते, स्टेथोनेही फसायला होतं, आणि सॅच्युरेशन (रक्तातला ऑक्सिजन) पडतंय हे दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. ग्राफ मात्र पहिल्या काही श्वासांत सांगतो. बोटाला गुंडाळायचे लहान प्रोब आणि गरम हवेचा वॉर्मर पण घ्या, एवढीशी पोरं एसीत भराभर थंड पडतात.

प्रश्नकर्ता: कॅप्नोग्राफ यादीत पहिला टाकला, तो आल्याशिवाय शनिवार सुरू करणार नाही असं मालकांना आजच सांगतो. देव बरें करूं.